आयटूसी ड्रायव्हरमधला रीडचा बग: चुकलेल्या बाइटपासून दुरुस्तीपर्यंत

चिपकडे २० बाइट मागितले. ड्रायव्हरने काम झाल्याचं कळवलं, एररही दिली नाही. बफर उघडून पाहिला तर पहिले १६ बाइट बरोबर आणि शेवटचे ४ भलतेच. पुन्हा वाचलं तर वेगळीच चूक. आणखी काही वेळा वाचलं की पुन्हा तीच चूक.

ड्रायव्हरच्या कोडला पहिल्यांदाच हात घालणारा माणूस अशा बगपुढे गांगरतो, कारण दोष कुठेही असू शकतो: चिपमध्ये, तारेवर, कंट्रोलरमध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा वरच्या प्रोग्राममध्ये. घाईत पहिला हात जातो तो बसच्या वेगावर. ४०० किलोहर्ट्झचे १०० केले, बग दिसेनासा झाला, म्हणजे वायरिंगच खराब होतं असं ठरवून लोक मोकळे होतात. मीसुद्धा एकदा असाच निष्कर्ष काढून दोन दिवस पुल-अप रेझिस्टर बदलत बसलो होतो. दोष होता इंटरप्ट हँडलरमधल्या, म्हणजे हार्डवेअरने हाक दिली की धावणाऱ्या फंक्शनमधल्या, दोन ओळींच्या क्रमात. वेग कमी केल्यावर तो का लपतो, हे पुढे आकड्यांनिशी येईलच.

इथे उदाहरण लिनक्स कर्नलमधल्या आयटूसी कंट्रोलरच्या ड्रायव्हरचं घेतलं आहे. आयटूसी म्हणजे चिपना जोडणारी दोन तारांची बस, आणि कंट्रोलर म्हणजे ती चालवणारं हार्डवेअर. तुम्हाला सी येतं आणि कर्नल बिल्ड करून बोर्डवर चढवता येतो, एवढं गृहीत धरतो.

बसवर रीड कसा होतो

आयटूसी बस फिलिप्सने १९८२ साली आणली. तारा दोनच: डेटासाठी एसडीए आणि क्लॉकसाठी एससीएल. दोन्ही ओपन-ड्रेन, म्हणजे कोणीही तार फक्त खाली ओढू शकतो. वर नेण्याचं काम पुल-अप रेझिस्टर करतो. कंट्रोलर आधी स्टार्ट देतो, मग ७ बिटांचा पत्ता आणि आठवा बिट पाठवतो. हा आठवा बिट १ असेल तर रीड, ० असेल तर राइट. प्रत्येक ८ बिटांनंतर नववा क्लॉक असतो तो पोच देण्यासाठी. तार खाली ओढली तर अ‍ॅक, वरच राहिली तर नॅक.

रीडमध्ये एक गोष्ट नवख्यांच्या नजरेतून सुटते. डेटा चिप पाठवते, पण प्रत्येक बाइटची पोच कंट्रोलर देतो, आणि शेवटच्या बाइटला तो मुद्दाम नॅक देतो. तो नॅक पाहूनच चिप एसडीए सोडते आणि कंट्रोलरला स्टॉप देता येतो. म्हणजे 'शेवटचा बाइट कोणता' हे कंट्रोलरला आधीच माहीत असावं लागतं. रीडचे निम्मे बग इथेच, शेवटाजवळ जन्म घेतात.

बसच्या स्पेसिफिकेशनमध्ये २०२१ पासून मास्टर आणि स्लेव्हऐवजी कंट्रोलर आणि टार्गेट हे शब्द आले आहेत. जुन्या ड्रायव्हरांत आणि डेटाशीटांत जुनेच शब्द सापडतील. अर्थ तोच.

पहिली पायरी: प्रत्येक बाइटने स्वतःचा पत्ता सांगावा

सेन्सरवर बग शोधू नका. तापमान किंवा दाब क्षणाक्षणाला बदलतो, त्यामुळे वाचलेला बाइट चुकीचा आहे की आकडाच बदलला, हे कळत नाही. त्याऐवजी २४सी०२ जातीची २५६ बाइटची ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणारी चिप, त्याच बसवर जोडा. तिच्या पत्त्याच्या तीनही पिन ग्राउंडला असतील तर ती हेक्स ५० या पत्त्यावर उत्तर देते. तिच्यात ० पासून २५५ पर्यंतचे आकडे क्रमाने लिहा: शून्याव्या जागी ०, पहिल्या जागी १, असं शेवटपर्यंत. आता कुठलाही बाइट हातात आला की तो कुठून आला हे तो स्वतःच सांगतो. पुढचं सगळं काम या एका युक्तीवर उभं आहे.

लिहिताना दोन बंधनं पाळा. राइट एका पानाच्या आतच बसावा लागतो. २४सी०२ च्या अनेक चिपमध्ये पान ८ बाइटचं असतं, तुमच्या चिपचा आकडा डेटाशीटमध्ये पाहा. प्रत्येक पानानंतर साधारण ५ मिलिसेकंद थांबा, कारण त्या वेळात चिप आत लिहीत असते आणि पत्त्यालाही उत्तर देत नाही. रीडला पानाचं बंधन नसतं, एका दमात सगळे २५६ बाइट वाचता येतात.

आणि एक कळकळीची सूचना. बोर्डवर आधीपासून असलेल्या ईईप्रॉमवर हा प्रयोग करू नका. रॅमच्या मॉड्यूलची माहिती ठेवणाऱ्या चिपसुद्धा हेक्स ५० ते ५७ याच पत्त्यांवर असतात, आणि तिथे चुकून लिहिलं तर मशीन कदाचित सुरूच होणार नाही. बस नुसती चाळणंही नेहमी निरुपद्रवी नसतं. आयटूसीडिटेक्टच्या मॅन्युअलमध्येच नोंद आहे की त्याच्या क्विक राइट पद्धतीने आयबीएमच्या अनेक थिंकपॅड लॅपटॉपमधली अ‍ॅटमेलची २४आरएफ०८ ही ईईप्रॉम बिघडते. प्रयोगाची चिप वेगळी, स्वतःची असू द्या.

आता वाचण्यासाठी छोटा सी प्रोग्राम लिहा, जो आयटूसी-डेव्हच्या (प्रोग्रामला थेट बसवर मेसेज पाठवू देणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) मार्गे थेट दोन मेसेज पाठवतो: एक बाइटचा राइट, म्हणजे कुठून वाचायचं तो पत्ता, आणि लगेच हव्या तेवढ्या बाइटचा रीड. पाठवण्याआधी रीडचा बफर हेक्स एए ने भरून ठेवा. कर्नल तुमच्या बफरची प्रत करूनच ड्रायव्हरला देतो, त्यामुळे ड्रायव्हरने ज्या बाइटला हातच लावला नाही तिथे एए तसाच परत येतो. 'चुकीचा बाइट लिहिला' आणि 'बाइट लिहिलाच नाही' हे दोन वेगळे आजार आहेत, आणि त्यांतला फरक या एए मुळे लगेच दिसतो. मात्र आपल्या नमुन्यात १७० व्या जागी खरा एए आहे, म्हणून वाचन त्या जागेच्या अलीकडेच ठेवा.

ईईप्रॉमच्या सिसएफएस फाइलमधून वाचणं सोपं वाटेल, पण तिथे मधे एटी२४ ड्रायव्हर असतो. तो मोठा रीड स्वतःच्या हिशेबाने तोडतो, मुळात १२८ बाइटच्या तुकड्यांत. बसवर किती लांबीचा मेसेज गेला हे मग तुमच्या हातात राहत नाही.

दुसरी पायरी: चुकीचा आकार ओळखा

आता लांबी १, २, ३ असं करत ४० पर्यंत न्या, प्रत्येक लांबीचा रीड हजार वेळा करा, आणि प्रत्येक चुकीसाठी तीन गोष्टी लिहून ठेवा: लांबी किती होती, कितव्या बाइटपासून बिघडलं, आणि तिथे काय आलं. ड्रायव्हरचा कोड अजून उघडायचा नाही. या नोंदींत जितका वेळ घालाल तितका पुढे वाचतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सगळेच बाइट एफएफ आले, तर तार कोणी खाली ओढतच नाहीये. चिपने पत्त्याला नॅक दिला आणि ड्रायव्हरने तो नॅक न तपासता पुढे वाचत राहणं पत्करलं, असं बहुधा असतं.

सगळे बाइट एका घराने सरकले, म्हणजे शून्याव्या जागी काहीतरी कचरा आणि मग ०, १, २, तर डमी रीडचा घोटाळा पाहा. काही कंट्रोलरांत डेटा रजिस्टर वाचणं म्हणजेच पुढचा बाइट मागणं असतं. फ्रीस्केलच्या, म्हणजे आताच्या एनएक्सपीच्या, आय.एमएक्स घराण्यातला आयटूसी कंट्रोलर असा आहे. रीड सुरू करायला तिथे डेटा रजिस्टर एकदा वाचून ती किंमत टाकून द्यावी लागते. आणि शेवटचा बाइट रजिस्टरमधून उचलण्याआधी स्टॉप द्यावा लागतो, नाहीतर उचलता उचलता कंट्रोलर आणखी एका बाइटचे क्लॉक सोडतो. अशा कंट्रोलरवर ओळींचा क्रम हीच सगळी गोष्ट असते.

बाइट बरोबर जागी आहेत पण आतले बिट सरकलेले किंवा एखादाच बिट पलटलेला, तर मात्र तारेवर संशय घ्या. सिग्नल वर चढायला लागणारा वेळ १०० किलोहर्ट्झला जास्तीत जास्त १००० नॅनोसेकंद आणि ४०० ला ३०० नॅनोसेकंद चालतो. पुल-अप कमजोर असेल तर ही मर्यादा मोडते. पण ड्रायव्हरची चूक बाइट हरवते, सरकवते, दुसऱ्याचा आणून ठेवते. बाइटच्या आतला एकच बिट ती सहसा बिघडवत नाही.

२५५ बाइटपर्यंत सगळं ठीक आणि २५६ ला काहीच येत नाही, तर लांबीचं रजिस्टर ८ बिटांचं आहे आणि २५६ त्यात ० होऊन बसले आहेत. त्यासाठी अ‍ॅडॉप्टरच्या क्वर्क्समध्ये, म्हणजे मर्यादांच्या यादीत, रीडची कमाल लांबी जाहीर करण्याची सोय कर्नलमध्ये आहे. चूक ३२ किंवा ६४ बाइटच्या पट्ट्यांत येत असेल आणि ड्रायव्हर डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीत लिहिणं) वापरत असेल, तर कॅशचा प्रश्न असू शकतो. वरून आलेला बफर डीएमएला सुरक्षित आहे असं ड्रायव्हरने परस्पर धरून चालू नये, त्यासाठी आयटूसी कोरमध्ये सुरक्षित बफर मिळवून देणारं फंक्शन आहे.

आता आपला बग. नोंदी अशा दिसतात: लांबी २०, बिघाड १६ पासून, तिथे एए. लांबी १३, बिघाड ८ पासून, एए. लांबी ५, बिघाड ० पासून, सगळे एए. आणि सगळ्यात बोलकी नोंद ही: अशा प्रत्येक बिघाडानंतरचा रीड वेगळ्याच तऱ्हेने चुकतो. ० पासून २० वाचताना चूक झाली, पुढचा रीड हेक्स ४० पासून मागितला, तर हाती आलं हेक्स १०, ११, १२, १३ आणि मग ४०, ४१, ४२. हेक्स १० ते १३ म्हणजे दशमानात १६ ते १९, मागच्या रीडमध्ये हरवलेले तेच ४ बाइट.

एवढ्यावरून कोड न पाहताही तीन गोष्टी ठामपणे म्हणता येतात. बाइट तारेवरून सुखरूप आले होते, नाहीतर ते पुढच्या रीडमध्ये उगवले नसते. ते कंट्रोलरच्या फिफोत, म्हणजे आलेले बाइट रांगेने साठवणाऱ्या त्याच्या छोट्या साठ्यात, पडून राहिले. आणि बिघाड दर वेळी ०, ८, १६ अशा ८ च्या पटीला सुरू होऊन शेवटपर्यंत जातो, म्हणजे हरवतो तो शेवटचा घास (ड्रायव्हर एका वेळी उचलतो तेवढे बाइट), आणि पूर्ण घास ८ बाइटचा आहे.

तिसरी पायरी: तारेची साक्ष काढा

लॉजिक अ‍ॅनालायझर असेल तर दोन्ही तारांवर लावा, सॅम्पलिंग किमान ४ मेगाहर्ट्झ ठेवा, आणि सिग्रोकच्या पल्सव्ह्यूसारख्या प्रोग्राममध्ये आयटूसी डीकोडर लावून पाहा. तारेवर २० बाइट बरोबर, शेवटच्या बाइटला नॅक, मग स्टॉप असं दिसलं की चिप आणि वायरिंग दोघंही सुटले.

अ‍ॅनालायझर नसेल तर तेच पिन काही काळ आयटूसी-जीपीआयओ या ड्रायव्हरकडे द्या. तो हार्डवेअर कंट्रोलर न वापरता पिन सॉफ्टवेअरने हलवतो. तीच चिप, त्याच तारा, आणि बग नाहीसा झाला, तर कंट्रोलर किंवा त्याचा ड्रायव्हर बहुधा दोषी. ड्रायव्हरने वर नेमकं काय दिलं हे पाहायला कर्नलचे आयटूसी_रीड, आयटूसी_रिप्लाय आणि आयटूसी_रिझल्ट हे ट्रेसपॉइंट चालू करा.

चौथी पायरी: हँडलर वाचा

डेटाशीट आधी. अख्खी वाचायची गरज नाही. फिफोची खोली, थ्रेशोल्ड (किती बाइट साठले की कळवायचं तो आकडा) कशाने ठरतो, स्थिती रजिस्टरमधला प्रत्येक बिट कधी चढतो आणि कशाने उतरतो, एवढं कागदावर उतरवा. १ लिहिल्यावर उतरणारा, वाचल्यावर उतरणारा आणि फिफोच्या पातळीबरोबर आपोआप चढउतार करणारा, असे तीन प्रकारचे बिट एकाच रजिस्टरमध्ये शेजारी शेजारी सापडतात. कंट्रोलरची इराटा शीट, म्हणजे माहीत असलेल्या दोषांची यादीही, त्याच बैठकीत पाहून घ्या.

आपल्या उदाहरणातला कंट्रोलर असा धरू: फिफो १६ बाइटचा. फिफोत थ्रेशोल्डइतके बाइट असेपर्यंत 'डेटा आला' हा बिट चढलेला राहतो. स्टॉप गेल्यावर 'संपलं' हा बिट चढतो आणि १ लिहिल्यावर उतरतो. हँडलर सोप्या शब्दांत असा आहे ('कम्प्लीट करा' म्हणजे वाट पाहणाऱ्या फंक्शनला काम झाल्याचं कळवा, 'उरलेले' म्हणजे अजून घ्यायचे बाइट, आणि ईएनएक्सआयओ म्हणजे 'असं डिव्हाइस नाही' ही एरर):

  स्थिती = स्थिती रजिस्टर वाचा
  तीच किंमत स्थिती रजिस्टरमध्ये परत लिहा
  स्थितीत 'पत्त्याला नॅक' असेल तर:
    एरर = ईएनएक्सआयओ, कम्प्लीट करा, परत जा
  स्थितीत 'संपलं' असेल तर:
    कम्प्लीट करा, परत जा
  स्थितीत 'डेटा आला' असेल तर:
    थ्रेशोल्डइतके बाइट फिफोतून बफरमध्ये घ्या
    थ्रेशोल्ड = उरलेले आणि ८ यांतला लहान आकडा

२० बाइटसाठी घास ८, ८ आणि ४ असे पडतात. वाचताना यात खोट दिसत नाही, आणि बहुतेक वेळा हे चालतंही. शेवटचे ४ बाइट आले की 'डेटा आला' चढतो, हँडलर धावतो, बाइट उचलतो. मग स्टॉप जातो, 'संपलं' चढतो, हँडलर पुन्हा धावतो आणि काम पुरं झाल्याचं कळवतो.

या दोन घटनांमध्ये वेळ किती, ते मोजा. शेवटच्या बाइटचे ८ बिट आल्यानंतर उरतो नॅकचा एक बिट आणि स्टॉप, म्हणजे साधारण दोन बिटांचा वेळ. १०० किलोहर्ट्झला एक बिट १० मायक्रोसेकंदांचा, म्हणून हे अंतर सुमारे २० मायक्रोसेकंद. ४०० किलोहर्ट्झला बिट २.५ मायक्रोसेकंदांचा, अंतर सुमारे ५. तेवढ्या वेळात प्रोसेसर दुसऱ्या इंटरप्टमध्ये अडकला असेल, किंवा कोणी इंटरप्ट बंद करून ठेवले असतील, तर आपला हँडलर उशिरा पोचतो आणि त्याला एकाच वाचनात दोन्ही बिट चढलेले दिसतात. 'संपलं' आधी तपासला जातो, कम्प्लीट होतं, आणि हँडलर परत फिरतो. ४ बाइट फिफोत तसेच.

वेग कमी केल्यावर बग लपतो तो यामुळे. तारेची तब्येत सुधारलेली नसते, हँडलरला उशीर करायची मुभा ५ वरून २० मायक्रोसेकंद झालेली असते. १०० किलोहर्ट्झवर बग गेला असं समजून पाठवलेलं उत्पादन पुढे कधीतरी जास्त कामाखाली पुन्हा चुकतं, आणि तेव्हा कारण शोधणं कितीतरी अवघड होतं.

पाचवी पायरी: बगला हमखास येऊ द्या

कारण समजलं असं वाटणं पुरेसं नाही. अंदाज बरोबर असेल तर बग आपल्या मर्जीने घडवता आला पाहिजे. हँडलरच्या पहिल्या ओळीत १०० मायक्रोसेकंदांचा यूडिले, म्हणजे तेवढा वेळ जागीच थांबवणारी ओळ, घाला. आता शेवटच्या घासाच्या वेळी दोन्ही बिट कायम एकत्र दिसतील, आणि रीडची शेपटी प्रत्येक वेळी हरवली पाहिजे, १०० किलोहर्ट्झलासुद्धा. तसं झालं तर कारण सिद्ध झालं. नाही झालं तर मागच्या पायरीवर परत जा आणि नोंदी पुन्हा पाहा. मी स्वतः ही पायरी कधीच वगळत नाही. तिच्याशिवाय केलेली दुरुस्ती खरी की योगायोगाची, हे सांगता येत नाही.

हँडलरमध्ये प्रिंटके (कर्नलचं संदेश छापणारं फंक्शन) घालून पाहण्याचा मोह टाळा. १,१५,२०० बॉडच्या सिरियल कन्सोलवर एक अक्षर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात, ४० अक्षरांच्या ओळीला साडेतीन मिलिसेकंदांच्या आसपास. जिथे ५ मायक्रोसेकंदांवर सगळं ठरतं, तिथे ही ओळ वेळेचं चित्रच बदलून टाकते. ट्रेस_प्रिंटके वापरा, ते मेमरीतल्या बफरमध्ये लिहितं.

सहावी पायरी: दुरुस्ती

आधी फिफो रिकामा करायचा, मगच 'संपलं' म्हणायचं:

  स्थिती = स्थिती रजिस्टर वाचा
  तीच किंमत स्थिती रजिस्टरमध्ये परत लिहा
  स्थितीत 'पत्त्याला नॅक' असेल तर:
    एरर = ईएनएक्सआयओ, कम्प्लीट करा, परत जा
  जोवर उरलेले शून्याहून जास्त आणि फिफोत बाइट आहेत:
    एक बाइट घ्या, खालचे ८ बिटच ठेवा, उरलेले एकने कमी करा
  उरलेले शून्याहून जास्त असतील तर:
    थ्रेशोल्ड = उरलेले आणि ८ यांतला लहान आकडा
  स्थितीत 'संपलं' असेल तर:
    उरलेले शून्याहून जास्त असतील तर एरर = ईआयओ
    कम्प्लीट करा

यात तीन गोष्टी जाणूनबुजून केल्या आहेत. स्थिती एकदाच वाचली आहे, आणि ती फिफो उपसण्याच्या आधी वाचली आहे. त्या वाचनात 'संपलं' दिसला असेल तर शेवटचा बाइट फिफोत आधीच येऊन पडलेला असतो, म्हणून नंतरचा उपसा काहीही मागे ठेवत नाही. आधी उपसा आणि मग स्थिती वाचली तर त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत बाइट येऊ शकतो, आणि तोच बग आणखी दुर्मीळ रूपात परत येतो. दुरुस्ती करताना इथेच अनेक जण घसरतात.

दुसरी गोष्ट, परत लिहिताना पाहिलेलीच किंमत लिहिली आहे, सगळे १ नाहीत. सगळे १ लिहिले तर वाचन आणि लेखन यांच्यामध्ये चढलेला बिट न पाहताच पुसला जातो.

तिसरी म्हणजे ती ईआयओ, इनपुट-आउटपुट बिघडल्याची एरर. बाइट कमी आले असतील तर ड्रायव्हरने तसं सांगितलंच पाहिजे. मूळ ड्रायव्हरचा खरा अपराध माझ्या मते बाइट हरवणं एवढाच नव्हता. हरवल्यावरही त्याने यश कळवलं, आणि वरच्या प्रोग्रामने कचऱ्यावर विश्वास ठेवला.

प्रत्येक ट्रान्सफरच्या सुरुवातीला फिफो साफ करणं ही चांगली सवय आहे, कारण मधेच तुटलेल्या ट्रान्सफरचं उष्टं त्याने निघून जातं. पण नुसतं तेवढंच करून थांबलात तर पुढच्या रीडमधली चूक जाते आणि शेपटी हरवणं तसंच राहतं, शिवाय सगळ्यात बोलका पुरावाही पुसला जातो. म्हणून आधी क्रम दुरुस्त करा, फिफोची सफाई नंतर आणि वेगळ्या पॅचमध्ये.

त्याच फाइलमध्ये असताना

हँडलर उघडाच आहे तर ट्रान्सफरचं फंक्शनही तपासा. कम्प्लीशन पुन्हा सज्ज करण्याची ओळ ट्रान्सफर सुरू करणाऱ्या ओळीच्या आधी हवी. नंतर असेल तर छोटा रीड तोवर संपून जातो, त्याची खूण पुसली जाते, आणि ड्रायव्हर टाइमआउट होईपर्यंत वाट पाहत बसतो.

टाइमआउट झाल्यावरचा कोड सगळ्यात धोकादायक. वेळ संपल्यावर फंक्शन परत गेलं, वरच्याने बफर मोकळा केला, आणि मागाहून आलेल्या इंटरप्टने त्याच जागी बाइट लिहिले, तर दुसऱ्याच कोणाची तरी मेमरी बिघडते. म्हणून टाइमआउट झाला की आधी कंट्रोलरचे इंटरप्ट बंद करा, सिंक्रोनाइझ_आयआरक्यू करून चालू हँडलर संपू द्या, मेसेजचा पॉइंटर नल करा, आणि मगच ईटाइम्डआउट घेऊन परत जा. चिपने एसडीए खाली धरून ठेवली असेल तर बस सोडवायला ९ क्लॉक देण्याची सोय कर्नलच्या बस रिकव्हरीत आहे, ती जोडा.

आणि यश आल्यावर परत द्यायचा आकडा मेसेजांचा असतो, बाइटचा नव्हे.

चाचणी आणि पॅच

यूडिले अजून काढू नका. तो असतानाच १ ते ४० लांबीचे सगळे रीड पुन्हा चालवा. आधी जो प्रयोग दर वेळी हरत होता तो आता एकदाही हरता कामा नये. मग यूडिले काढा, आणि १०० व ४०० दोन्ही वेगांना, प्रोसेसरवर स्ट्रेस-एनजीचा भार ठेवून चालवा. कर्नलला बूट करताना थ्रेडआयआरक्यूज हा पर्याय देऊन एक फेरी करा. त्यात इंटरप्ट हँडलर थ्रेडमध्ये चालतात, उशीर आपसूक वाढतो, आणि अशा प्रकारचे बग स्वतःहून वर येतात. चिप काढून एक रीड करा, ईएनएक्सआयओ आलंच पाहिजे. लगेच चिप लावून पुन्हा वाचा, तुटलेल्या ट्रान्सफरचा मागमूस पुढच्या रीडमध्ये दिसता कामा नये.

पॅचच्या संदेशात क्रम हाच ठेवा: काय दिसत होतं, का होत होतं, काय बदललं. 'रीडचा बग दुरुस्त केला' एवढ्यावर भागवू नका. 'स्टॉपचा आणि डेटाचा बिट एकत्र दिसले तर शेवटचा घास फिफोत राहतो, ४०० किलोहर्ट्झला ही फट सुमारे ५ मायक्रोसेकंदांची आहे' असं लिहिलंत तर तपासणाऱ्याला तुमच्याइतकंच कळतं. हा क्रम कोणत्या कमिटपासून आला ते गिट ब्लेमने शोधा आणि त्याच्या हॅशची पहिली १२ अक्षरं फिक्सेस टॅगमध्ये द्या. जुन्या स्थिर कर्नलांमध्ये दुरुस्ती पोचवणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. चेकपॅच चालवा, आपली साइन्ड-ऑफ-बाय ओळ घाला, आणि पाठवण्याआधी डिफ एकदा डोळ्यांखालून घालून तो यूडिले खरोखर निघाला आहे ना, ते पाहा.